कारखान्याच्या वेबसाईटचा एकच पत्ता का ठरविला?



गेल्या आडसाली लागणीच्या वेळी घडलेली एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचा सगळा खटाटोप कशासाठी केला ते ध्यानात येईल. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपले एक जुने सभासद शेती खात्यात आले. दोन एकर आडसाली, लागण जुलैतली, आणि नोंद करावयाची राहिलेली. नोंदीची मुदत ३१ ऑगस्टला संपली होती. शेती अधिकाऱ्यांनी विचारले, "तात्या, इतके दिवस कुठं होता?" तात्यांनी खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "हे आपल्याच कारखान्याचं पान हाय न्हवं? ह्यात मुदत ३० सप्टेंबर लिहिलीया. नातवानं गुगलवर बघून सांगितलं, म्हणून मी निवांत होतो."

पान आपलेच होते. वर कारखान्याचे बोधचिन्ह, खाली कार्यकारी संचालकांचे नाव. फक्त ते आदल्या वर्षीचे परिपत्रक होते, आणि वर्षाचा आकडा कोपऱ्यात इतका बारीक की आम्हालाही तो शोधावा लागला. नवीन वेबसाईटवर चालू वर्षाची बरोबर तारीख दोन महिने आधीपासून होती. पण तात्यांच्या नातवाला गुगलने नवीन वेबसाईट दाखविलीच नाही, जुनी दाखविली. चूक ना तात्यांची, ना नातवाची. नोंद शेवटी उशिराच्या यादीत घेतली, पण तोडीचा क्रम मागे गेला तो गेलाच. हंगामाच्या शेवटी उन्हात उभ्या राहिलेल्या उसाचे वजन काय होते हे आम्ही सभासदांना सांगावयास नको.

हे असे झाले कसे, याचा शोध आम्ही व संगणक विभागाने मिळून घेतला. जे सापडले ते सर्वांना समजावे म्हणून हा लेख. आपल्यापैकी बरेच जण सेवा सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, शिक्षण संस्था यांच्या कारभारात आहेत, आणि आता या संस्थांच्याही वेबसाईट झालेल्या आहेत. त्यांनाही हे उपयोगी पडावे.

आता मूळ मुद्दा. आपल्या वेबसाईटचा खरा पत्ता याच अंकाच्या मुखपृष्ठावर छापला आहे. येथे समजावण्यापुरते 'आपलाकारखाना डॉट इन' असे नाव धरू. हे नाव लोक दोन तऱ्हांनी लिहितात. कुणी नुसते नाव लिहितो, कुणी त्याच्या आधी तीन डब्ल्यू आणि टिंब लावतो. शिवाय नावाच्या अगदी सुरुवातीला एक जोड असते, जी हल्ली मोबाईलवर बहुधा दिसत नाही. ती साधी असेल तर एचटीटीपी, आणि कुलूपबंद असेल तर शेवटी एक एस जास्त, म्हणजे एचटीटीपीएस. दोन गुणिले दोन, असे एकाच वेबसाईटचे चार पत्ते झाले. माणसाच्या दृष्टीने चारही एकच. 'तीन डब्ल्यू लावले काय, न लावले काय' असेच आपण म्हणतो. यंत्राच्या दृष्टीने मात्र हे चार स्वतंत्र पत्ते आहेत, आणि त्या चार ठिकाणी चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

आपल्या बाबतीत नेमके तेच झाले होते. नवीन वेबसाईट तयार झाली ती नुसत्या नावावर, कुलूपबंद. तीन डब्ल्यूचे नाव मात्र इंटरनेटच्या नोंदवहीत अजून जुन्या सर्व्हरकडेच बोट दाखवीत होते. त्या जुन्या सर्व्हरचे भाडे तीन वर्षांचे आगाऊ भरलेले, त्यामुळे तो इमानेइतबारे चालू होता. नवे घर बांधून आपण राहावयास गेलो, पण जुन्या घराला कुलूप लावले नाही, दारावरची पाटी काढली नाही, आणि आतला दिवाही जळत ठेवला. येणारा पाहुणा जुन्या घरात जाऊन भिंतीवरचे गेल्या वर्षीचे कॅलेंडर वाचून परत जात होता.

तुम्ही विचाराल, गुगलला नवे घर का दिसले नाही? दिसले होते. पण गुगल काय किंवा बिंग काय, यांची यंत्रे रोज असंख्य पाने वाचून त्यांची टिपणे ठेवतात, आणि कोणते पान आधी दाखवावे हे ठरविताना बऱ्याच गोष्टींचा हिशेब करतात. त्यातली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे इतर किती व कोणत्या पानांवरून या पानाकडे दुवा दिलेला आहे. आपल्या जुन्या पत्त्याकडे वर्षानुवर्षांचे दुवे होते. साखर धंद्याच्या याद्या, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांची पाने, सगळीकडे तीन डब्ल्यूचाच पत्ता. नव्या पत्त्याला कुणी ओळखतच नव्हते. पंचक्रोशीत ज्याचे नाव झाले त्याच्याच दारात माणसे जाणार.

कारखान्यात हा प्रकार आपल्याला नवा नाही. एकाच शेतकऱ्याचा ऊस कधी वडिलांचे नाव मध्ये घातलेल्या खात्यावर नोंदला जातो, कधी नुसत्या नाव-आडनावाच्या खात्यावर. रान तेच, ऊस तोच, काटाही तोच. पण हंगामाअखेर खातेवार यादी काढली की एका खात्यावर साठ टन आणि दुसऱ्यावर चाळीस टन. शंभर टन ऊस घालणारा शेतकरी यादीत कुठेच नाही! वेबसाईटचे पत्ते फुटले की दुव्यांचे वजन असेच फुटते. दोन्ही ठिकाणी मजकूर तंतोतंत एकच असेल, तर गुगल स्वतःच ओळखते की ही एकच खातेदाराची दोन खाती आहेत, आणि त्यातले एक पान मुख्य मानून बाकीचे हिशेब त्यात मिळविते. बहुतेक वेळा हे जमते. पण मुख्य कोणते मानायचे, हे आपण सांगितले नाही तर ते आपल्या मनाप्रमाणे ठरविते. आणि दोन ठिकाणी मजकूर वेगळा असला, जसा आपला होता, तर मिळवणीचा प्रश्नच येत नाही. दोन वेगळी बिऱ्हाडे.

येथे एक गैरसमज दूर करतो. वेबसाईट करून देणारे काही लोक सांगतात की एकच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला तर गुगल शिक्षा करते, यादीतून नाव काढून टाकते. असे सहसा नाही. लबाडीने दुसऱ्याचा मजकूर ढापून भरमसाट पाने काढणाऱ्याची गोष्ट निराळी. आपल्यासारख्या संस्थेच्या पत्त्यांची फूट म्हणजे गुन्हा नव्हे, गबाळेपणा. त्याचा तोटा इतकाच की गुगल कोणते पान दाखवील याचा भरवसा राहत नाही. इतकाच म्हटला, तरी तात्यांना तो पुरून उरला.

मग पहिले काम म्हणजे चारातला एक पत्ता ठरविणे. यावर संचालक मंडळाच्या बैठकीत अपेक्षेपेक्षा जास्त चर्चा झाली, खरे सांगावयाचे तर ऊसतोड मजुरांच्या आगाऊ रकमेपेक्षाही जास्त. कुलूपबंद पत्ता हवा याबद्दल दुमत नव्हते. २०१४ साली गुगलने जाहीर केले की क्रम लावताना कुलूपबंद पत्त्याला थोडे झुकते माप देऊ, आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राऊझर साध्या पत्त्याच्या प्रत्येक पानावर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारू लागला. ज्या पानावर सभासद आपला खाते क्रमांक टाकून ऊस बिल पाहतो, त्या पानावर असा शेरा आपल्याला परवडणारा नाही. शिवाय शेरा राहू द्या, साध्या पत्त्यावर टाकलेली माहिती वाटेत कुणी वाचू शकतो, हे खरे कारण.

वाद झाला तो तीन डब्ल्यूंवर. ज्येष्ठ संचालकांचे म्हणणे, तीन डब्ल्यूशिवाय तो वेबसाईटचा पत्ताच वाटत नाही, लोकांना सवय आहे. तरुण मंडळींचे म्हणणे, पावतीवर, ट्रॉलीच्या फलकावर, सभेच्या माईकवरून सांगताना तीनदा डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू म्हणत बसण्यापेक्षा नुसते नाव सुटसुटीत. संगणक विभागाने तिसरी बाजू मांडली. तीन डब्ल्यू ठेवले तर पुढे मोठे सर्व्हर घेताना नोंदवहीत फेरफार करणे जरा सोपे जाते, आणि एकाच नावाखाली वेगवेगळी खाती चालवावयाची असतील तर ती एकमेकांपासून अलग ठेवणे बरे पडते. फार मोठ्या संस्थांना हा मुद्दा लागू आहे, आपल्या पसाऱ्याला फारसा नाही. गुगलच्या दृष्टीने यात डावे-उजवे काही नाही. कोणताही एक घ्या, पण एकच घ्या आणि मग तो बदलू नका. मंडळाने नुसते नाव, कुलूपबंद, असा ठराव केला. तुमच्या संस्थेने तीन डब्ल्यू ठेवले तरी काही बिघडत नाही. तुमचे जुने दुवे बहुतेक तीन डब्ल्यूचे असतील तर तेच ठेवणे शहाणपणाचे.

ठराव झाला, पण ठराव गुगलला कळवावयाचा कसा? पूर्वी यासाठी सोय होती. वेबसाईटच्या मालकांसाठी गुगलने जे सर्च कन्सोल नावाचे दप्तर ठेवले आहे, त्यात 'तीन डब्ल्यूसह' की 'तीन डब्ल्यूविना' अशी पसंती नोंदविता येत असे. ती सोय गुगलने जून २०१९ मध्ये बंद केली. तरीसुद्धा जुनी पुस्तके व जुने जाणकार अजून 'तिथे जाऊन पसंती भरा' असेच सांगतात. आमच्या एका हितचिंतकांनी त्या सोयीच्या शोधात अर्धा दिवस घालविला. आता तोंडी पसंती चालत नाही, कृतीतून दाखवावी लागते. ती कृती म्हणजे रीडायरेक्ट, आपण त्याला 'वळवणी' म्हणू.

वळवणी समजण्यासाठी पोस्टमन डोळ्यासमोर आणा. घर बदलले की आपण पोस्टात लेखी कळवितो, आणि पोस्टमन जुन्या पत्त्यावर आलेले पत्र नव्या पत्त्यावर घेऊन येतो. सर्व्हरचेही तसेच आहे. मोबाईलने एखादे पान मागितले की सर्व्हर पानाच्या आधी तीन अंकी आकडा पाठवितो. तो आकडा आपल्याला दिसत नाही, यंत्रे आपसात वाचतात. २०० म्हणजे ठीक, हे घ्या पान. ४०४ म्हणजे असे पान येथे नाही. ३०१ म्हणजे हे पान येथून कायमचे हलले, नवा पत्ता अमुक. ३०२ म्हणजे तात्पुरते हलले आहे, सध्या तिकडे जा. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत हे आकडे आहेत आणि आजही तेच चालतात. पुढे त्यात ३०८ व ३०७ हे त्यांचे धाकटे भाऊ आले, कायमला कायमचा आणि तात्पुरत्याला तात्पुरत्याचा.

३०१ आणि ३०२ मधला फरक जरा थांबून समजून घ्यावा, कारण निम्मे घोटाळे येथेच होतात. एक नंबरचा वजनकाटा दुरुस्तीला घेतला की गेटवर पाटी लागते, 'आज गाड्या दोन नंबरच्या काट्यावर न्याव्यात.' ही ३०२. उद्या पाटी निघणार, म्हणून ड्रायव्हर जुना रस्ता विसरत नाही. पण एक नंबरचा काटा मोडीत काढून तिथे बगॅसचे शेड बांधले, तर ती ३०१. आता जुना रस्ता लक्षात ठेवण्याचे कारण नाही. गुगलही असेच वागते. ३०१ दिसली की ते नवा पत्ता मुख्य धरते आणि जुन्या पत्त्याचे दुव्यांचे वजन नव्याच्या खात्यावर जमा करते. ३०२ दिसली की ते जुनाच पत्ता सांभाळून ठेवते, कारण आपणच त्याला तात्पुरते म्हटलेले असते. तात्पुरती पाटी वर्षानुवर्षे तशीच राहिली तर पुढे कधीतरी ते आपण होऊन समजते, पण ती समजूत त्याच्यावर सोपवू नये.

मात्र ३०१ लावण्यात घाईही करू नये. ब्राऊझर ही आज्ञा आपल्याजवळ लिहून ठेवतात, आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच वळतात. चुकीच्या पत्त्याकडे ३०१ लावली आणि तासाभराने दुरुस्त केली, तरी त्या तासात येऊन गेलेल्यांचे मोबाईल चुकीच्याच दिशेला जात राहतात. म्हणून आमच्या विभागाने आधी आठ दिवस ३०२ लावून चाचणी घेतली, सगळे बरोबर चालते याची खात्री केली आणि मग ३०१ केली.

दुसरी काळजी, वळवणी पानाला पान अशी हवी. जुन्या वेबसाईटवरचे वारस नोंदीचे पान नव्याच्या वारस नोंदीच्या पानाकडे, ऊसदराचे ऊसदराकडे, निविदांचे निविदांकडे. काही ठेकेदार सोपे काम करतात, जुन्या सगळ्या पानांवरून सरसकट मुखपृष्ठाकडे वळवून मोकळे होतात. शेअर खात्यात काम असलेल्या माणसाला गेटवर आणून सोडण्यासारखे आहे हे. माणूस वैतागतो, आणि गुगलही अशा वळवणीला बहुधा 'पान सापडले नाही' याच खात्यात टाकते, म्हणजे त्या पानाचे वजन गेलेच. आपल्या जुन्या पानांची यादी करून प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहिण्याचे काम संगणक विभागातल्या दोन मुलींनी तीन आठवडे बसून केले. ज्या पानाची जागा घेणारे नवे पान नाहीच, उदाहरणार्थ संपून गेलेल्या जुन्या भरतीची जाहिरात, तेथे सरळ 'हे पान आता नाही' असे उत्तर ठेवले. ते प्रामाणिक उत्तर आहे.

मागच्या वर्षीच्या परिपत्रकांचे काय करावे यावर आमच्यात मतभेद होता. ती काढून टाकू नयेत, जुने दाखले लोकांना लागतात, असे ठरले. ती आता नव्या वेबसाईटवर वेगळ्या दप्तरात आहेत, आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत वर्ष व 'हे परिपत्रक जुने आहे' अशी ओळ आहे. वळवणीने पत्ता सुधारतो, मजकूर सुधारत नाही, हे तात्यांच्या प्रकरणानंतर आमच्या पक्के लक्षात राहिले आहे.

वळवण्या एकामागून एक लावल्या की साखळी होते. साधा तीन डब्ल्यू पत्ता आधी कुलूपबंद तीन डब्ल्यूकडे, तेथून नुसत्या नावाकडे, तेथून आणखी नव्या पानाकडे. या टेबलावरून त्या टेबलावर. गुगलचे यंत्र अशी दहा टेबले फिरते आणि मग नाद सोडते. गावाकडच्या मंद नेटवर्कवर माणूस दुसऱ्याच टेबलाला सोडतो. शक्य तेथे एकाच उडीत शेवटच्या पत्त्यावर न्यावे. आणि दोन पत्ते एकमेकांकडेच वळविले तर फेरा संपतच नाही, पान उघडतच नाही. तो प्रकारही आमच्याकडे एका दुपारी झाला. कुणी फोन करण्याआधीच सापडला, एवढेच समाधान.

त्याहून मोठी चूक कुलुपाची झाली, तीही सांगून टाकतो. कुलूपबंद पत्त्यासाठी सर्व्हरवर एक प्रमाणपत्र बसवावे लागते, आणि ते नावानुसार असते. आपण ते फक्त नुसत्या नावासाठी घेतले. विचार असा की तीन डब्ल्यूवरून तर आपण वळवितोच आहोत, त्याला प्रमाणपत्र कशाला? पण कुलूपबंद पत्त्यावर आलेल्या माणसाचा मोबाईल आधी प्रमाणपत्र तपासतो, आणि ते पटल्यावरच सर्व्हरचे उत्तर ऐकतो. वळवणीचा निरोप त्या उत्तरात असतो. तीन डब्ल्यूला प्रमाणपत्र नाही, म्हणून निरोप ऐकण्याआधीच पडद्यावर मोठा इशारा, 'ही वेबसाईट धोकादायक असू शकते.' दोन दिवस सभासदांचे फोन येत होते की कारखान्याची वेबसाईट कुणी हॅक केली काय. तेव्हा ज्या ज्या नावावरून वळवावयाचे, त्या प्रत्येक नावाला प्रमाणपत्र हवेच. आता अशी प्रमाणपत्रे मोफतही मिळतात, खर्चाचे कारण राहिलेले नाही. फक्त त्यांची मुदत थोडी असते, आपोआप नूतनीकरण होते की नाही यावर लक्ष ठेवावे लागते.

चार पत्त्यांखेरीज आणखी एक फूट असते, ती शेपटीची. फेसबुकवरून आपल्या पानाचा दुवा उघडला की फेसबुक पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून स्वतःची लांबलचक खूण जोडते. छापण्यासाठीचे पान, तारखेनुसार लावलेली यादी, यांचेही पत्ते असेच शेपटीचे. पान तेच, पत्ते पन्नास. प्रत्येक शेपटी वळवीत बसणे शक्य नाही, आणि काही शेपट्या कामाच्याही असतात. यासाठी पानाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या भागात एक ओळ लिहितात, 'या पानाचा अस्सल पत्ता अमुक.' इंग्रजीत तिला कॅनॉनिकल म्हणतात. गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मिळून ही पद्धत मान्य केली. दाखल्याच्या नकलेवर 'मूळ प्रत अमुक दप्तरात' असा शेरा असतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की वळवणीने माणूसही हलतो, या ओळीने फक्त यंत्राला माहिती मिळते. आणि ती गुगलच्या दृष्टीने विनंती आहे, हुकूम नव्हे. बाकीच्या खुणा उलट दिशेला असतील तर ते ही ओळ बाजूला ठेवते.

म्हणून सगळ्या खुणा एकाच दिशेला हव्यात. आपल्याच वेबसाईटच्या आतले दुवे ठरविलेल्या पत्त्याचे हवेत. गुगलला देण्यासाठी पानांची जी यादी असते, साईटमॅप, तिच्यातही तेच पत्ते हवेत. आम्ही तपासले तेव्हा आमच्याच मुखपृष्ठावरचे निम्मे दुवे तीन डब्ल्यूचे निघाले. दुसऱ्यांना पत्ता सांगावयास निघालो, आणि घरातली माणसेच जुना पत्ता सांगत होती.

हे सगळे करून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी एका संचालकांनी विचारले, "अजून गुगलवर जुनाच पत्ता दिसतो, मग केलं काय तुम्ही?" रास्त प्रश्न. गुगलचे यंत्र प्रत्येक जुन्या पानावर पुन्हा येईल, ३०१ वाचेल, टिपण बदलेल, तेव्हा पत्ता बदलणार. जी पाने ते वरचेवर पाहते ती थोड्या दिवसांत बदलतात, कोपऱ्यातल्या पानांना काही आठवडे, कधी महिने लागतात. मधल्या काळात कुणी जुन्या पत्त्यावर टिचकी मारली तरी तो नव्याच पानावर येतो, त्यामुळे सभासदाचे नुकसान नाही.

वळवणी किती दिवस ठेवावी? गुगलचे सांगणे, निदान एक वर्ष, जमल्यास जास्त. आमचे म्हणणे, कायम ठेवावी. आपल्या वजनाच्या पावत्यांवर जो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापला आहे, त्यात जुना पत्ता कोंबलेला आहे. त्या पावत्या सभासदांनी फायलीत जपून ठेवलेल्या आहेत, छापलेला कोड आता बदलता येत नाही. वार्षिक अहवालांवर, शेअर दाखल्यांच्या पाकिटांवर, गट ऑफिसच्या भिंतींवर तोच पत्ता. वळवणी सांभाळण्याचा खर्च जवळजवळ काहीच नाही.

येथे इतर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी थोडे जास्त लिहितो. आमच्या माहितीतल्या एका दूध संस्थेने नवे नाव घेतले, आणि जुन्या नावाची वार्षिक फी कशाला भरावयाची म्हणून ते सोडून दिले. मुदत संपलेले नाव पुन्हा बाजारात येते, पैसे भरील त्याचे होते. ते कुणीतरी घेतले. आज त्या संस्थेच्या जुन्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती आहेत, आणि गावातल्या शाळेच्या पानावर 'आमचे देणगीदार' या मथळ्याखाली त्याच पत्त्याचा दुवा आहे. जुगाराऐवजी हुबेहूब संस्थेसारखे पान करून कुणी सभासदांचे खाते क्रमांक व ओटीपी मागितले असते तर काय झाले असते? म्हणून जुने नाव सोडू नये. ते नव्याकडे वळवावे आणि फी भरीत राहावे. एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदणी करता येते.

आणि नाव कुणाच्या नावावर आहे ते आजच पाहा. वेबसाईट करून देणारा ठेकेदार पुष्कळदा संस्थेचे नाव स्वतःच्या ई-मेलवर नोंदवितो. मनात काही नसते, सोयीसाठी करतो. पण त्याच्याशी बिनसले, किंवा तो धंदा सोडून पुण्या-मुंबईला गेला, की ना नोंदवही बदलता येते, ना वळवणी लावता येते. रान आपण कसावयाचे आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असला हा व्यवहार. नोंदणी संस्थेच्या नावे, संस्थेच्या ई-मेलवर, आणि पासवर्ड सचिवांच्या कपाटात असावा. सर्च कन्सोलचेही तसेच, मालकी संस्थेच्या खात्यावर असावी. तेथे 'डोमेन' म्हणून नोंद केली की चारही पत्त्यांची माहिती एकत्र दिसते, कोणते पान गुगलने मुख्य मानले आहे तेही कळते.

देवनागरीत नाव घ्यावे काय, असे काही सभासदांनी विचारले आहे. २०१४ पासून 'डॉट भारत' या शेवटाने मराठीतही नाव घेता येते. घेण्यास हरकत नाही, नाव जपण्यासाठी घ्यावेही. पण ते पाचवे घर करू नये, मुख्य पत्त्याकडे ३०१ ने वळवून ठेवावे.

तपासणी सभासदांनाही करता येईल. मोबाईलवर पत्त्याच्या पट्टीत आपले नाव चारही तऱ्हांनी टाईप करून बघा, तीन डब्ल्यूसह व तीन डब्ल्यूविना, आधी साधी जोड लावून आणि मग कुलुपाची. पान उघडल्यावर पट्टीवर टिचकी मारून पूर्ण पत्ता वाचा. चारही वेळा शेवटी एकच पत्ता दिसला पाहिजे. मग एखादे आतले पान, समजा ऊसदराचे, जुन्या पावतीवरचा कोड वापरून उघडा. मुखपृष्ठ उघडले किंवा इशारा आला, तर कोणत्या पत्त्यावर व किती वाजता ते लिहून आपल्या गट ऑफिसात द्यावे. पडद्याचा फोटो काढून दिला तर अधिक बरे.

जुन्या सर्व्हरवरचे काही वार्षिक अहवाल अद्याप हलवावयाचे राहिले आहेत. ते काम चालू आहे. तोपर्यंत ते पाहावयाचे असल्यास शेअर खात्यात छापील प्रती उपलब्ध आहेत. आणि येत्या हंगामाच्या ऊस नोंदीची तारीख नव्या पत्त्यावर टाकली आहे, तरी ती याच अंकाच्या शेवटच्या पानावरही छापली आहे. तात्यांनी तशी अटच घातली होती.